केमोच्या काळातले जेवण : वाढायचे काय आणि आग्रह किती

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. आमचा मुलगा 17 वर्षांचा असून बारावीला आहे. त्याला रक्ताचा कर्करोग, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, असल्याचे निदान झाले असून केमोथेरपी सुरू आहे. काही दिवस तो घोटभर पाणीही नको म्हणतो आणि काही दिवस रात्री दोन वाजता पराठे मागतो. त्याचे वडील ताटासमोर बसून घास मोजतात, मला रडू येते आणि तो उठून जातो. सासूबाई आंबट, थंड आणि तूप बंद करायला सांगतात, नातेवाईक गव्हांकुराचा रस पाठवतात, मित्र मिसळ खायला बोलावतात. त्याला नेमके काय, किती आणि कसे खायला द्यावे?

उत्तर : ताई, तुम्ही पदार्थांबद्दल विचारले आहे, पण प्रश्नात अधिक जागा घरातल्या वादाने घेतली आहे. कर्करोगाच्या मुलांच्या आहाराचे काम अनेक वर्षे करताना मला बहुतेक घरांत हेच दिसत आले आहे. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. ताटात काय असावे, ते ताजे, स्वच्छ आणि ताकदीचे कसे होईल, आणि दिवसातून किती वेळा समोर यावे, हे ठरवणे तुमच्याकडे ठेवा. त्यातले काय आणि किती खायचे, हे त्याच्याकडे सोडा. एवढे करूनही वजन उतरत राहिले, तर ती तूट कशी भरून काढायची हे डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवायचे आहे. ते ओझे तुमच्या आग्रहावर टाकू नका. मी इथे लिहिते आहे ते सर्वसाधारण आहे. तुमच्या मुलाचे रक्ताचे अहवाल ज्यांच्यासमोर आहेत त्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

त्याच्या खाण्यातला हा चढउतार औषधांचा आहे, स्वभावाचा नाही, हे घरात सगळ्यांना नीट समजणे आवश्यक आहे. या आजाराच्या उपचाराच्या पहिल्या टप्प्यात साधारण चार आठवडे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज दिले जाते आणि त्याने भूक इतकी वाढते की मुले झोपेतून उठून खायला मागतात. त्याच काळात व्हिन्क्रिस्टिन हे इंजेक्शन साधारण आठवड्याने दिले जाते. ते आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे पोट साफ होत नाही, आणि काही जणांचा जबडा इतका दुखतो की चावणेच नको होते. ॲस्परॅजिनेज या आणखी एका इंजेक्शनमुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पुढच्या टप्प्यातल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने तोंड येते. एकाच मुलाला हे सगळे वेगवेगळ्या आठवड्यांत भोगावे लागते, आणि म्हणूनच एका आठवड्यात उपयोगी पडलेला सल्ला पुढच्या आठवड्यात त्रासाचा ठरतो. नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण ही घड्याळाने बांधलेली रचना या काळात टिकत नाही. जेवणाची आखणी उपचाराच्या तारखांवरून करावी लागते.

त्यासाठी एक साधी वही ठेवा. कोणत्या तारखेला कोणते औषध गेले, मळमळ कधी सुरू झाली आणि कधी थांबली, तोंड कधी आले, शौचाला कधी झाले, वजन किती भरले, एवढेच त्यात लिहा. बऱ्याच केमो औषधांमध्ये पहिले दोन-तीन दिवस मळमळीचे जातात, तोंड येण्याचा त्रास साधारण पाचव्या दिवसानंतर सुरू होतो, पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात आणि त्यानंतर जीभ, पोट आणि रक्त हळूहळू सावरते. ल्युकेमियाच्या उपचारात औषधे एकामागून एक चालू असल्याने हे चक्र इतके नेमके दिसत नाही, पण वही महिनाभर प्रामाणिकपणे लिहिली की तुमच्या मुलाचे स्वतःचे चक्र त्यात उमटते. वाईट दिवसांत तो फक्त पाणी, पेज आणि दोन बिस्किटांवर राहिला तरी घाबरू नका, आणि चांगले दिवस मात्र एकही वाया जाऊ देऊ नका. माझ्या मते या आजारातला आहार चांगल्या दिवसांत कमवायचा असतो. वाईट दिवसांत तो फक्त सांभाळायचा असतो.

केमोच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे घरच्यांच्या प्रेमानेच नुकसान होते. सकाळी रुग्णालयात जायचे, मूल खचलेले असते, म्हणून आई त्याचा सर्वांत आवडता पदार्थ करते. तो पदार्थ खाल्ल्यावर काही तासांत औषधाने उलट्या होतात आणि मेंदू त्या उलट्यांची सांगड औषधाशी न घालता त्या पदार्थाशी घालतो. 1978 मध्ये इलीन बर्नस्टीन या अमेरिकी संशोधिकेने केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका खास चवीचे आइस्क्रीम देऊन हे दाखवून दिले होते. ज्या मुलांना ते केमोच्या आधी मिळाले, त्यांनी पुढे तेच आइस्क्रीम नाकारण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. बागलाणकडची एक मुलगी माझ्याकडे येत असे. तिच्या आजीने पहाटे उठून, खापर तापवून, तिच्यासाठी पुरणाचे मांडे केले होते. त्या दिवशी तिला खूप उलट्या झाल्या. पुढे उपचार संपून ती ठणठणीत बरी झाली, पण मांड्यांचा वास आला की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसते आणि आजीला अजून त्याचे वाईट वाटते. त्यामुळे केमोच्या आधीच्या आणि नंतरच्या काही तासांत त्याचे आवडते पदार्थ मुद्दाम दूर ठेवा. त्या दिवशी साधा मऊ भात, टोस्ट, खारी, कुरमुरे, राजगिऱ्याची वडी, असे काहीतरी द्या की ज्याचा पुढे कंटाळा आला तरी फार बिघडणार नाही. याच संशोधिकेच्या गटाने 1987 मध्ये आणखी एक उपयोगी गोष्ट दाखवली : जेवण आणि केमो यांच्या मध्ये एखादी ठसठशीत चवीची गोळी चघळायला दिली, तर नावड त्या गोळीवर जाऊन बसते आणि जेवणातले पदार्थ बऱ्याच अंशी वाचतात. रुग्णालयात जाताना खिशात संत्र्याची किंवा आल्याची गोळी ठेवायला काहीच हरकत नाही. तोंड आलेले असेल तेव्हा मात्र ती टाळावी.

मळमळीच्या दिवसांत वासाचा त्रास चवीहून अधिक होतो. आपल्याकडे हिंग, लसूण आणि काळ्या मसाल्याची फोडणी घरभर पसरते आणि दोन खोल्यांच्या घरात ती चुकवायला जागा नसते. तेव्हा फोडणीचा स्वयंपाक तो गच्चीवर, गॅलरीत किंवा शेजारी असताना उरकून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि भांड्यावरचे झाकण त्याच्या नाकासमोर उघडू नका. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून थोडे निवलेले किंवा थंड अन्न या दिवसांत अधिक चालते. थंडगार खीर, दहीभात, फ्रीजमधून काढलेले कस्टर्ड हे पदार्थ सासूबाईंच्या दृष्टीने पथ्यात बसत नसले, तरी मळमळणाऱ्या पोटाला तेच झेपतात. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती उलटी झाल्यावर नव्हे, तर सांगितलेल्या वेळी आणि शक्यतो खाण्याच्या अर्धा तास आधी द्यावी. पाणी जेवताना न देता दोन खाण्यांच्या मधल्या वेळात घोट घोट द्यावे. खाल्ल्यावर त्याने लगेच आडवे होऊ नये. तोंडाला धातूची चव येते अशी तक्रार असेल, तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा द्या, पाणी काचेच्या ग्लासात द्या आणि तोंडात जखमा नसतील तर लिंबू, आमसूल, पुदिना यांचा आधार घ्या. सरसकट आंबट बंद करण्याला काही आधार नाही. तोंड आलेले असेल तेवढेच दिवस ते बंद ठेवावे.

आता ताकदीचे अन्न म्हणजे काय ते पाहू. तुमच्या मुलाच्या वयाच्या निरोगी मुलालाही दिवसाला साधारण 55 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि जो दिवसभरात चार वाट्या खाऊ शकतो त्याच्या वाट्या पाणीदार वरणाने आणि भाताच्या पेजेने भरून चालत नाही. वाटी तेवढीच ठेवायची आणि तिच्यात ऐवज वाढवायचा, हे सूत्र धरा. एक छोटा चमचा साजूक तुपाने सुमारे 45 कॅलरी वाढतात. मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटात सुमारे 170 कॅलरी आणि 7 ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिने असतात. दुधाच्या ग्लासात दोन मोठे चमचे दूध पावडर मिसळली, तर दूध तेवढेच राहून सुमारे 5 ग्रॅम प्रथिने वाढतात. मुगाच्या डाळीचे धिरडे पनीर किसून घालून करता येते, वरण घट्ट ठेवून त्यावर तूप सोडता येते, शिऱ्यात दूध आणि बदामाची पूड जाते, पोळीच्या कणकेत बेसन आणि दूध पावडर मिसळता येते. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे नागली भरपूर पिकते आणि या मुलांसाठी ते उत्तम धान्य आहे. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि स्टेरॉइडने हाडे विरळ होत असताना त्याचे मोल अधिक आहे. नागलीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली, की त्या पिठाची लापशी घट्ट होत नाही. म्हणजे त्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि गिळायलाही सोपे जाते. दूध, गूळ, तूप घालून केलेली अशी एक वाटी चार घास भाकरीपेक्षा मोठे काम करते.

तूप बंद करण्याची वेळ कधी येऊच शकत नाही असे मात्र नाही. ॲस्परॅजिनेज चालू असताना रक्तातली चरबी फार वाढली किंवा स्वादुपिंडाला सूज आली, तर डॉक्टर स्वतःहून तेल-तूप कमी करायला सांगतात. पोटाच्या वरच्या भागात तीव्र दुखणे, ते पाठीकडे जाणे आणि सोबत उलट्या, हे या औषधानंतर दिसले तर खाणे थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. एरवी कमी खाणाऱ्या मुलाचे तूप बंद करणे म्हणजे त्याच्या ताटातली सर्वांत सोपी ताकद काढून घेणे होय, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे. सुनेने सांगितले की वाद होतो. डॉक्टरांनी सांगितले की बहुधा होत नाही.

तोंड आले की जेवणाचे सगळे गणित बदलते. मिरची, टोमॅटो, चिंच, लिंबू, संत्री, कडक भाकरीच्या कडा, फरसाण, पापड हे सगळे बाजूला ठेवा. मेतकूट न घालता नुसता तूप-मीठ-मऊ भात, पातळ मुगाचे कढण, साबुदाण्याची खीर, मऊ इडली दुधात कुस्करून, पिकलेले केळे दुधात घुसळून, थंड दुधातली शेवयांची खीर, असे पदार्थ चालतात. स्ट्रॉने प्यायला दिले तर जखमांना कमी लागते. प्रत्येक खाण्यानंतर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून गुळण्या कराव्यात आणि दात घासायला अगदी मऊ ब्रश वापरावा. तोंड बधिर करणारे जेल किंवा दुखणे कमी करणारे औषध खाण्याच्या आधी मिळू शकते. ते मागायला संकोच करू नका, कारण वेदना होत असताना कुणीही जेवू शकत नाही आणि अशा वेळी धीराचे चार शब्द पुरत नाहीत.

पोट साफ होण्यासाठी पाणी, पिकलेली पपई, भिजवून उकळलेले मनुके, शिजवलेल्या पालेभाज्या आणि थोडे चालणे उपयोगी पडते, पण व्हिन्क्रिस्टिनचा बद्धकोष्ठ नुसत्या आहाराने हटतोच असे नाही आणि बहुतेक वेळा डॉक्टर सौम्य रेचक देतात. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, कमी असताना घरी एनिमा देऊ नये.

स्टेरॉइडच्या दिवसांतली रात्रीची भूक खरी भूक असते. ती नाकारू नका आणि तिच्यावर रागावू नका. रात्री दहा वाजता स्वयंपाकघर आवरतानाच त्याच्यासाठी एक डबा फ्रीजमध्ये तयार ठेवा : पनीरचा पराठा, शिजवलेली मटकीची उसळ, पूर्ण उकडलेले अंडे किंवा घट्ट वरणभात. रात्री हवे तेवढेच काढून वाफ येईपर्यंत गरम करून द्यायचे. या दिवसांत मुलांना खारट फार हवेसे वाटते आणि वेफर्स, लोणचे, पापड यांवर हात जातो. मिठाने अंगात पाणी साठते आणि रक्तदाब वाढतो, म्हणून या वस्तू घरात कमीच आणाव्यात. स्टेरॉइड आणि ॲस्परॅजिनेज एकत्र चालू असताना रक्तातली साखर वाढू शकते. त्याला सारखी तहान लागत असेल आणि वारंवार लघवी होत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता कळवा, आणि तोपर्यंत बाटलीबंद सरबते व कोल्ड्रिंक बंद ठेवा. चेहरा गोल होणे आणि पोट सुटणे हे या वयात मुलांना आजाराइतकेच जिव्हारी लागते. आरशासमोर तो काही बोलला, तर ही सूज औषधाची आहे आणि औषध थांबल्यावर काही आठवड्यांत ती उतरू लागते, हे त्याला नीट समजावून सांगा. ‘बरे झाले, अंग धरलेस’ असे पाहुण्यांनी म्हणू नये, याचीही काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल.

काउंट पडलेले असताना काय चालते, हा त्याच्या मित्रांच्या आमंत्रणामागचा प्रश्न आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटर रक्तात 500 च्या खाली गेल्या, की साध्या जंतूनेही गंभीर संसर्ग होऊ शकतो. पूर्वी अशा वेळी सगळी कच्ची फळे आणि भाज्या सरसकट बंद करण्याची पद्धत होती. पुढे झालेल्या अभ्यासांत, मुलांवरच्या एका अभ्यासासह, असे दिसले की अन्न सुरक्षितपणे हाताळले, शिजवले आणि साठवले, तर या जादा बंदीने संसर्ग कमी होत नाहीत. काही रुग्णालये आजही कडक नियम पाळतात. तिथे त्यांचाच नियम पाळावा. पण हात साबणाने धुणे, पाणी उकळून गार करणे, मांस-मासळीची पाटी आणि सुरी वेगळी ठेवणे, शिजवलेले अन्न दोन तासांत खाणे किंवा फ्रीजमध्ये 5 अंशांच्या खाली ठेवणे, यांत कुठेच सूट नाही. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या उन्हात दोन तासांऐवजी एकच तास धरा.

या नियमांतून आपल्या रोजच्या वस्तूंकडे पाहा. रसवंतीचा रस नको, कारण ऊस, चरक आणि बर्फ या तिन्हींची खात्री नसते. बाहेरची कापलेली फळे, पाणीपुरी, ओल्या नारळाची बाहेरची चटणी आणि कच्चे मोड नकोत. मोड शिजवून केलेली उसळ मात्र चालते. दूध उकळलेलेच असावे. अंडे आतून पातळ राहिलेले नसावे. द्राक्षे आपल्याकडे घरोघरी येतात, त्यामुळे ती पूर्ण बंद करणे कठीण जाते. घडातून एकेक सुटे करून वाहत्या पाण्याखाली नीट धुवावे, आणि काउंट फारच खाली असेल त्या दिवसांत केळी, संत्री, पपई, आंबा अशी घरी सोलून देता येणारी फळे निवडावीत. गोदाकाठचे तीर्थ आणि देवळातले पंचामृत कच्चे दूध, दही व मध यांमुळे आणि अनेक हातांमुळे टाळावे. सत्यनारायणाचा गरम, ताजा शिरा घरी केलेला असेल तर खुशाल द्यावा. एकादशी किंवा नवरात्राचा उपवास त्याने धरू नये. त्याच्यासाठी उपवास करायचा तो मोठ्यांनी करावा. भगर त्याला आवडत असेल तर ती शेंगदाण्याच्या आमटीबरोबर चांगली लागते, पण जुने, सुटे विकत मिळणारे भगरीचे पीठ आणू नये. उपवासाच्या दिवसांत अशा पिठाने विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या राज्यात अनेकदा घडल्या आहेत.

राहिली मिसळ. 17 वर्षांच्या नाशिककर मुलाला मित्रांबरोबरच्या मिसळीपासून वर्षानुवर्षे तोडता येणार नाही, आणि तसे करूही नये, कारण या आजाराचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. काउंट सावरलेले असतील आणि तोंड बरे असेल, अशा दिवशी मित्रांनाच घरी बोलवा. उसळ आणि कट घरी उकळता करा, तिखट बेताचे ठेवा, फरसाण नव्या पाकिटातले घ्या, पाव तव्यावर गरम करा आणि त्याच्या ताटात कच्चा कांदा व वरची कोथिंबीर घालू नका. सर्दी-खोकला असलेल्या मित्राने त्या दिवशी येऊ नये, एवढे आधी सांगून ठेवा. त्या दुपारी तो नेहमीपेक्षा बरेच जास्त खाईल, हे मी अनुभवाने सांगते.

गव्हांकुराचा रस मात्र ठामपणे नको म्हणा. तो न शिजवलेला असतो, मातीच्या सान्निध्यात वाढलेला असतो, आणि काउंट कमी असताना त्यातून जंतू पोटात जाण्याचा धोका खरा आहे. पपईच्या पानांच्या रसाचे तसेच. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पानांच्या रसावर अवलंबून नसतात. हाडांतली रक्त तयार करणारी अस्थिमज्जा सावरली की त्या वाढतात. बीट आणि डाळिंब खायला चांगली आहेत, पण या मुलांचे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने उतरलेले नसते, आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातच असते, त्यामुळे लोहाचे टॉनिक विचारल्याशिवाय देऊ नये. मेथोट्रेक्सेट हे औषध फोलेट या जीवनसत्त्वाची वाट अडवूनच काम करते, आणि फॉलिक ॲसिड हे त्याचेच एक रूप आहे. म्हणून फॉलिक ॲसिड असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्याही स्वतःहून सुरू करू नयेत. साखर खाल्ल्याने कर्करोग वाढतो म्हणून गोड पूर्ण बंद करणारी घरे मी पाहते आणि तिथली मुले वाळत जातात. शरीरातल्या सगळ्याच पेशी ग्लुकोज वापरतात आणि आहारातून साखर काढून कर्करोगाच्या पेशी उपाशी ठेवता येत नाहीत. रक्तातली साखर वाढलेली नसेल, तर गूळ घातलेली खीर त्याला द्यावी.

आता जेवणाच्या वेळेकडे येते. या वयाच्या मुलाच्या हातातून आजाराने जवळजवळ सगळे काढून घेतलेले असते : कॉलेज, केस, मैदान, स्वतःच्या शरीरावरचा हक्क. सुई नको म्हणता येत नाही, औषध नको म्हणता येत नाही. नाही म्हणता येते ते फक्त घासाला. वडील घास मोजू लागतात तेव्हा ती एकमेव जागाही जाते आणि मग मूल खरोखर भूक असतानाही तोंड मिटते. वडिलांची भीती मी समजू शकते, कारण कमी होणारे वजन डोळ्यांना दिसते आणि पुरुषांना ती भीती बोलून दाखवता येत नाही. त्यांना दुसरे काम द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, सकाळी, एकाच काट्यावर वजन घेऊन वहीत लिहिणे हे त्यांचे काम असू द्या आणि जेवताना त्या आकड्याचा उल्लेख कुणीही करू नये. त्याला दोन पर्याय विचारा : धिरडे की नागलीची लापशी, आता की तासाभराने. ‘काय खाशील?’ हा मोकळा प्रश्न मळमळणाऱ्या माणसाला नकोसा वाटतो. ताट लहान घ्या आणि त्यात अर्धेच वाढा. अर्धा तास झाला की शिल्लक राहिलेले न बोलता उचला, आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा काहीतरी समोर ठेवा. सगळ्यांनी एकत्र बसावे, पण बोलणे त्याच्या ताटाबद्दल नसावे. दिंडोरीकडच्या एका मुलाचा धाकटा भाऊ त्याच्याशेजारी बसून क्रिकेटचा सामना लावत असे, दोघांमध्ये शेंगदाण्याच्या लाडवांची एकच ताटली असे आणि आई मुद्दाम ओट्याशी पाठ करून उभी राहत असे. तो मुलगा त्या ताटलीतून जेवढे खात असे, तेवढे त्याने समोर वाढलेल्या ताटातून कधी खाल्ले नाही.

आणि एवढे करूनही वजन उतरले तर? एका महिन्यात वजन 5 टक्क्यांनी घटले, म्हणजे 50 किलोच्या मुलाचे अडीच किलोने उतरले, किंवा सलग काही दिवस नेहमीच्या निम्मेही पोटात जात नसेल, तर आहारतज्ज्ञांशी बोला. आधी दुधात मिसळून घ्यायची पोषक पावडर दिली जाते आणि तेही पुरेसे होत नसेल तर नाकातून पोटात जाणारी बारीक नळी सुचवली जाते. नळीचे नाव काढले की आयांना वाटते की आपण हरलो. मी याकडे तसे पाहत नाही. नळीतून रात्री अन्न गेले की दिवसा मुलावर खाण्याचा ताण राहत नाही, तो हवे तेव्हा, हवे ते दोन घास तोंडाने खाऊ शकतो, औषधेही नळीतून जातात, आणि अनेक घरांत जेवणाच्या वेळचे भांडण त्या दिवसापासून थांबते. काही आठवड्यांनी ताकद आली की नळी निघते. कुपोषित मुलांना केमोचे दुष्परिणाम अधिक होतात आणि त्यामुळे उपचार लांबणीवर पडतात. म्हणून हा निर्णय उशिरा घेण्यापेक्षा लवकर घेतलेला चांगला.

उपचाराच्या काही भागासाठी तुम्हाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जावे लागले, तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघताना डब्यात कोरडे पदार्थ घ्या : तिखट-मिठाची पुरी, भाजलेले मखाणे, राजगिऱ्याचे लाडू, सोलून खाता येणारी केळी आणि घरचे उकळलेले पाणी. दहीभात किंवा भाजी तीन-चार तासांच्या प्रवासात आणि पुढच्या रांगेत टिकत नाही. कडल्स फाउंडेशन ही मुंबईची संस्था अनेक कर्करोग रुग्णालयांत मुलांसाठी आहारतज्ज्ञांचा सल्ला आणि पोषणाची मदत पुरवते. तुमच्या रुग्णालयात अशी काही सोय आहे का, हे समाजसेवा विभागात विचारा. आपल्याकडे अनेकांना या मदतीचा पत्ता उपचार अर्ध्यावर आल्यावर लागतो.

पुढच्या भेटीला वही घेऊन जा आणि एवढे नक्की विचारा : निदानापासून वजन किती टक्के बदलले, आज न्यूट्रोफिल किती आहेत, रक्तातली साखर आणि चरबी कशी आहे, आणि पुढे मर्कॅप्टोप्युरिन या केमोच्या औषधाची गोळी सुरू होईल तेव्हा ती कोणत्या वेळी द्यायची. त्या गोळीच्या वेळेबाबत आणि दुधाबाबत वेगवेगळे ऐकायला मिळेल. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ धरा आणि एकही दिवस चुकू देऊ नका, कारण या गोळीत सर्वाधिक महत्त्व रोज घेण्याला आहे. आणि ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून वर गेला तर जेवण, डबा, वही सगळे राहू द्या. घरी तापाची गोळी देऊन वाट न पाहता, रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालयात न्या.